एकतीस कार्डं आणि अक्कांची सही

पालिकेच्या अंदाजपत्रकाची भाषा सुधारण्यासाठी मला तीन महिने नेमलं होतं. "साहित्यात एम.ए. झालेल्या मुलीला दुसरं काय काम देणार?" वित्त विभागाच्या साहेबांनी पहिल्याच दिवशी हसत विचारलं. मीही हसले. मला नोकरी हवी होती.

माझं टेबल अक्कांच्या टेबलाला काटकोनात लावलेलं होतं. अक्का आरोग्य खात्याचा हिशेब बघायच्या. वय सत्तावन्न. निवृत्तीला चार महिने उरलेले. हजेरीपटावर त्यांचं पूर्ण नाव होतं, पण ते कुणी वापरत नसे. साहेब त्यांच्यापेक्षा एकोणीस वर्षांनी लहान. तेही अक्काच म्हणत.

अक्कांची बेरीज करण्याची पद्धत वेगळी होती. आधी खालून वर. मग वरून खाली. दोन्ही वेळा तोंडाने पुटपुटत, पेन बाजूला ठेवून. "एकाच बाजूने दोनदा गेलं की माणूस तीच चूक दोनदा करतो," त्या म्हणायच्या. मग दोन्ही उत्तरं जुळली की ड्रॉवर उघडायचा. आतून शिक्का निघायचा. 'तपासले, बरोबर आहे.' त्याखाली सही. आरोग्य खात्याचा कुठलाही अंदाज या शिक्क्याशिवाय समितीपुढे जात नसे.

"पुस्तकं वाचून काय कळतं गं?" एकदा डबा खाताना त्यांनी विचारलं.

"माणसं कळतात," मी म्हणाले. तेव्हा मला असं बोलायला आवडायचं.

"मग हे वाच." त्यांनी रुग्णालयाची जाडजूड नोंदवही माझ्याकडे सरकवली. "यात चार हजार माणसं आहेत. एकाचंही वर्णन नाही. बघ जमतं का."

मला त्या क्षणी थोडा राग आला. संध्याकाळपर्यंत मी साठ पानं वाचली होती.

दुसऱ्या महिन्यात साहेबांनी एक फाइल आणून ठेवली. विषय लांबलचक होता. सरळ सांगायचं तर असा: जे लोक दुसऱ्या देशातून आले आहेत आणि ज्यांच्याकडे वास्तव्याचा चालू परवाना नाही, त्यांची डायलिसिसची मोफत कार्डं बंद करायची. अशी कार्डं एकतीस. एका माणसामागे वर्षाला चार लाख. एकूण बचत एक कोटी चोवीस लाख.

खाली आधार म्हणून एक जुना दाखला जोडला होता. अकरा वर्षांपूर्वी अशाच लोकांची रक्तदाब आणि साखरेच्या गोळ्यांची कार्डं बंद केली होती. कार्डं एक हजार. बचत वर्षाला अडतीस लाख. त्या कागदावर शिक्का होता आणि सही अक्कांची होती.

मला फक्त वाक्यं सुटसुटीत करायची होती. ती मी केली. छान झाली. आज ते आठवलं की लाज वाटते.

अक्कांनी फाइल घेतली. खालून वर गेल्या. वरून खाली आल्या. ड्रॉवर उघडला नाही.

"चुकलंय का?" मी विचारलं.

"बेरीज बरोबर आहे. हिशेब अर्धा आहे."

"म्हणजे?"

"कार्ड बंद झाल्यावर हे एकतीस जण काय करतील?"

मी फाइलकडे पाहिलं.

"आठवडाभर घरी बसतील," अक्का म्हणाल्या. "अंगात पाणी साठेल. श्वास लागेल. मग कुणीतरी रिक्षात घालून तातडीच्या विभागात आणेल. तिथे कायदा आहे. दारात आलेल्याला परत पाठवायचं नाही, कागद मागायचे नाहीत. दोन दिवस ठेवून घेतील, डायलिसिस करतील, घरी पाठवतील. पुढच्या आठवड्यात पुन्हा. एका वेळचे बावीस हजार. बावन्न आठवडे."

त्यांनी पेन न उचलता आकडा सांगितला. माणशी साडेअकरा लाखांच्या आसपास. एकतीस जणांचे साडेतीन कोटी.

"मग हे फाइलमध्ये का नाही?"

"कारण फाइल डायलिसिस केंद्राची आहे. तातडीचा विभाग दुसऱ्या फाइलमध्ये. तिथला लेखनिक वेगळा, रकाना वेगळा. इथे पैसे वाचले असं दिसतं. तिथे वाढले असं दिसतं. दोन्ही कागद एका टेबलावर कधी येत नाहीत."

साहेब आले तेव्हा अक्कांनी हेच सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते. त्या वर्षी पाच कोटींची तूट होती आणि ती भरून काढायची जबाबदारी त्यांच्या गळ्यात होती.

"अक्का, मला गळतंय तिथे बोळा कोंबायचाय."

"कोंबा की. पण हा बोळा तुम्ही भिंत फोडून आणताय."

"तुमचाच जुना आकडा आहे खाली. अडतीस लाख. तोही अर्धा होता का?"

अक्कांनी फाइलमधला जुना कागद उलटून पाहिला. मी त्यांना पहिल्यांदाच उत्तरासाठी थांबलेलं पाहिलं.

"बघावं लागेल," त्या म्हणाल्या.

"आठ दिवस देतो. नवव्या दिवशी समिती आहे. एकतर शिक्का, नाहीतर लेखी कारण."

अभिलेख कक्ष तळमजल्यावर होता. लांबट खोली, लोखंडी रॅक, वर एक खिडकी. तिच्यातून रस्त्यावरच्या माणसांचे फक्त पाय दिसायचे. रोज सकाळी दहाला आम्ही खाली जायचो. मी वह्या काढायचे, धूळ झटकायचे, आकडे वाचून दाखवायचे. अक्का लिहून घ्यायच्या.

तातडीच्या विभागाच्या वहीत प्रत्येक रुग्णापुढे कार्डाचा क्रमांक. ज्याला कार्ड नाही, त्याच्यापुढे एक शब्द. 'इतर'. जुन्या वर्षांत पानावर एखादा. पुढे चार. पुढे दहा. एका वर्षी तर अख्खं पान.

"अक्का, हे सगळे 'इतर' कोण?"

त्यांनी चष्मा काढून पुसला.

"कार्डं बंद केली त्या महिन्यात रुग्णालयातून फोन आला होता. तिथला लेखनिक विचारत होता, कार्ड नसलेला माणूस आला तर त्याचा खर्च कुठल्या शीर्षाखाली दाखवू? आमच्याकडे तसं शीर्षच नव्हतं. मी म्हटलं, इतरमध्ये टाका, नंतर बघू."

"आणि नंतर?"

"नंतर मला उत्कृष्ट कामाचं प्रशस्तिपत्र मिळालं. बघायचं राहून गेलं."

त्यांनी हे हवामान सांगावं तसं सांगितलं. मी वहीत डोकं घातलं.

आकडे असे निघाले. कार्डं बंद होण्याआधी 'इतर'चा खर्च वर्षाला चौदा लाख. तीन वर्षांनी शहाण्णव. शिवाय कागद तपासायला दोन माणसं नेमली होती, त्यांचा पगार नऊ लाख. बचत दाखवताना तोही कुणी वजा केला नव्हता. त्या हजारांत एकशे चाळीस जण तर इथेच जन्मलेले निघाले. कुणाचा दाखला भिजला होता, कुणाचा कधी काढलाच नव्हता. त्यांना कार्डं परत मिळायला दोन वर्षं लागली.

सहाव्या दिवशी अक्का म्हणाल्या, "आता शेवटचं. जुन्या हजारांची यादी इकडे दे. आजची एकतीस जणांची यादी तू धर. तू आजचं नाव वाच, मी जुन्यात शोधते."

"कशासाठी?"

"रक्तदाबाच्या गोळ्या वर्षानुवर्षं घेतल्या नाहीत तर काय जातं?"

मी यादीवरून मान वर केली.

"किडनी," अक्का म्हणाल्या.

मी नावं वाचू लागले. त्या जुन्या यादीवर बोट फिरवत होत्या. सापडलं की बारीक टिंब. सोळावं नाव मी दोनदा वाचलं. ते अक्कांच्या घरासमोरच्या शिंपीदादांचं होतं.

मी त्यांना ओळखत होते. रविवारी अक्कांकडे गेले की समोरच्या दुकानातून ते हाक मारायचे, "आल्या का साहित्यिक बाई?" बावीस वर्षांपूर्वी कपड्यांच्या कारखान्यात कामाला म्हणून आले. कारखाना बंद पडला, परवाना संपला, शिंपीदादा राहिले. गेली चार वर्षं ते आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिसला जात आणि दुपारी शिवणयंत्रावर बसत.

अक्कांचं बोट जुन्या यादीवर थांबलं. त्यांनी टिंब काढलं.

"पुढे," त्या म्हणाल्या.

एकूण टिंबं बारा.

शनिवारी दुपारी अक्का म्हणाल्या, "चल, समोर जाऊन येऊ." त्यांचे यजमान दारात वर्तमानपत्र घेऊन बसले होते. आयुष्यभर बसगाड्या दुरुस्त केलेला माणूस. अक्कांना ते हेडऑफिस म्हणायचे.

"हेडऑफिस, माझ्या पँटचं विचारा. आठ दिवस झाले देऊन."

"स्वतः जा की."

"मला ऐकत नाही तो. तुम्हाला घाबरतो."

शिंपीदादा पँटच उसवत बसले होते. डाव्या हाताच्या शिरेवर डायलिसिसच्या सुयांच्या गाठी. त्या हातात टेप.

"या अक्का. तुमच्या यजमानांना सांगा, पोट वाढवायचं असेल तर एकदाच काय ते ठरवा. किती वेळा उसवू?"

"सांगते. दादा, कात्री खाली ठेवा. मला बोलायचंय."

त्यांनी कात्री ठेवली. अक्का उभ्यानेच बोलल्या. आधी नव्या प्रस्तावाचं. मग जुन्याचं. गोळ्यांचं कार्ड का बंद झालं, तो कागद कुणी तपासला, सही कुणाची होती. एकही वाक्य गोल करून सांगितलं नाही. मी उंबऱ्यावर उभी होते. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं.

शिंपीदादा बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिले.

"त्या वेळी पालिकेचे किती वाचले म्हणालात?"

"अडतीस लाख."

"त्यात माझे किती?"

"तीन हजार आठशे. वर्षाचे."

"तीन हजार आठशे." त्यांनी मान हलवली. "एका सुटाची शिलाई."

ते टेप बोटावरून सोडवू लागले.

"मागितले असते तर सूट शिवून दिला असता, अक्का. पालिकेला. कुणाच्या मापाचा ते सांगायचं फक्त."

त्यात विनोद होता, पण हसू नव्हतं. त्यांनी पँट घडी करून अक्कांच्या हातात दिली.

"झाली?" अक्कांनी विचारलं.

"नाही. पण आज राहू दे. आज मला तुमच्या घरचं काम करायचं नाही."

अक्कांनी पँट घेतली. रस्ता ओलांडला. यजमानांनी पँट उलगडून पाहिली, एक पाय उसवलेला. अक्कांकडे बघितलं आणि पुन्हा घडी केली.

"तुम्ही त्यांना का सांगितलंत?" मी नंतर विचारलं. "सोमवारी समितीपुढे सांगणारच होतात."

"समितीला आकडा सांगायचाय. ज्याचा आकडा आहे त्याला आधी कळायला नको?"

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर. लंबगोल टेबल, तेरा सदस्य, मधोमध सभापती. मी इतिवृत्त लिहायला कोपऱ्यात. अक्का एक फाइल आणि एक कागद घेऊन आल्या. आकडे त्यांना पाठ होते, पण कागद समोर ठेवायचा हा त्यांचा नियम.

"या अंदाजावर मी शिक्का मारलेला नाही," त्यांनी सुरुवात केली. "आधी जुन्याचं सांगते. अकरा वर्षांपूर्वी अडतीस लाख वाचले असं मी लिहून दिलं होतं. ते चुकीचं होतं. चूक माझी."

साहेबांनी मान वर केली. आठ दिवसांत त्यांनी काहीच विचारलं नव्हतं. चूक कुणाची निघाली, हे त्यांना आत्ता पहिल्यांदा कळत होतं.

"कागद तपासणाऱ्यांचा पगार, नऊ लाख. तातडीच्या विभागात वाढलेला खर्च ब्याऐंशी लाख. सगळा यामुळेच वाढला असं मी म्हणत नाही. निम्मा धरा. एक्केचाळीस. आज डायलिसिसवर असलेल्यांपैकी बारा जणांच्या गोळ्या तेव्हा बंद झाल्या होत्या. डॉक्टर म्हणतात, निम्म्यांची तरी किडनी वाचली असती. तेवढेच धरते. सहा जणांचे चोवीस लाख. एकूण चौऱ्याहत्तर. अडतीस वाचवायला आपण वर्षाला चौऱ्याहत्तर घालवतो आहोत."

मग नव्या प्रस्तावाचं. एक कोटी चोवीस आणि साडेतीन कोटी. दोन वाक्यांत.

सभापती जुने राजकारणी. आवाज मऊ. "बाई, तुमचं गणित पक्कं असेल. पण लोक मला रस्त्यात अडवून विचारतात, आमच्या पैशातून त्यांना का? त्यांना काय सांगू?"

"तो प्रश्न तुमचा, साहेब. त्याचं उत्तर मी कसं देऊ? मला विचारलंय, पैसे किती वाचतील. वाचत नाहीत. जास्त लागतात. तत्त्व म्हणून कार्डं बंद करायची असतील तर समितीला तो अधिकार आहे. मात्र मग त्याला खर्च म्हणा. बचत म्हटलंत तर माझा शिक्का मिळणार नाही."

टेबलाच्या टोकाला एक सदस्य होते, त्यांनी घसा साफ केला. "एक शंका. ही माणसं बावन्न आठवडे येत राहतील असं धरलंय तुम्ही. सगळीच काही... इतके दिवस येणार नाहीत."

कुणीतरी पेल्यात पाणी ओतत होतं. ते थांबलं.

"बरोबर आहे," अक्का म्हणाल्या. "डॉक्टरांच्या मते पहिल्या वर्षात पाच-सहा जण जातील. त्यांचा खर्च तिथे थांबेल. ती रक्कमही मी काढली आहे. फक्त ती कुठल्या शीर्षाखाली दाखवायची, ते समितीने मला लेखी द्यावं."

मी इतिवृत्तात हे वाक्य लिहिलं. पुढे काय लिहावं कळेना, कारण पुढे कुणी काही बोललंच नाही. मी घड्याळाकडे पाहिलं. जवळजवळ एक मिनिट.

मग सभापतींनी चष्मा काढला. "हा विषय वर्षभर स्थगित. कार्डं चालू राहतील. पुढे."

"एक राहिलं," अक्का म्हणाल्या. "गोळ्यांची कार्डं पुन्हा सुरू करण्याचा प्रस्ताव मी शेवटी जोडला आहे. अडतीस लाख लागतील."

"बाई, एका दिवसात किती घ्याल?"

"जितकं मिळेल तितकं."

दोघं-तिघं हसले. प्रस्ताव पुढच्या बैठकीवर ढकलला गेला. साहेब जिन्यात मला म्हणाले, "माझी तूट तशीच आहे, पण निदान खोटी भरली नाही." ते खूश होते की नाही, मला ठरवता आलं नाही.

चार दिवसांनी अक्कांना नोटीस आली. अकरा वर्षांपूर्वी चुकीचा अंदाज प्रमाणित केल्याबद्दल खुलासा करावा. चौकशी पूर्ण होईपर्यंत निवृत्तिवेतनाचा काही भाग राखून ठेवण्यात येईल. अक्कांनी नोटीस खालून वर वाचली, मग वरून खाली.

"भाषा तू सुधारलीस का याची?"

"नाही."

"तरीच. एका वाक्यात तीन वेळा 'सदर' आहे."

घरी यजमानांनी ऐकून घेतलं. "तीस वर्षं सगळ्यांचे कान धरलेत, हेडऑफिस," ते म्हणाले, "आता तुमचा धरलाय. चहा टाकू?"

"टाका. साखर कमी."

सोमवारी सकाळी अक्कांनी अर्धा दिवस रजा टाकली आणि मला बरोबर नेलं. डायलिसिस केंद्र ही त्यांच्या रकान्यातली जागा. वीस वर्षं तिची बिलं तपासलेली. आत पाऊल मात्र पहिल्यांदाच टाकत होत्या. आठ खाटा, आठ यंत्रं. यंत्रांचा एकसारखा घरघराट. पारदर्शक नळ्यांतून रक्त जात होतं, येत होतं. अक्का दारात थांबल्या. मला वाटलं त्या परत फिरतील. त्या सहाव्या खाटेपाशी गेल्या.

शिंपीदादांनी डोळे उघडले. डावा हात उशीवर, सुया टोचलेला.

"कार्ड चालू राहिलं म्हणे."

"हो. एक वर्ष. मग पुन्हा बघतील."

"तुम्हाला नोटीस आली म्हणे."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"पँटवाल्यांनी. काल येऊन बसले होते. उसवलेली पँट घालून." ते थोडं हसले, मग थांबले. "तुमची पेन्शन अडकली, म्हणून मी विसरेन असं नाही, अक्का."

"त्यासाठी नाही आले."

"मग?"

"बसायला आले. चार तास लागतात ना?"

त्यांनी उजव्या हाताने कोपऱ्यातल्या स्टुलाकडे बोट केलं. मी ते आणून दिलं. अक्का बसल्या. पर्स मांडीवर. थोडा वेळ त्यांनी यंत्रावरचे आकडे बघितले, मग मुद्दाम नजर काढून शिंपीदादांकडे पाहिलं.

"रागावलोय मी अजून," ते म्हणाले.

"असू दे."

"किती दिवस रागवायचं, ते ठरवलेलं नाही."

"सावकाश ठरवा. मी सोमवारी येत जाईन."

पलीकडून परिचारिका ओरडली, "दादा, हात हलवू नका."